बगळ्याचा ड्रायव्हर

बुधवार, ८ जानेवारी १९६४
तलासरी

सिमेंट कंपनीकडून डायऱ्या आल्या. त्यातली एक इथल्या इंजिनियर घारपुरेसाहेबांनी मला दिली. म्हणाले, "पेडणेकर, रोज काय उचललं, किती टन, ते लिहीत चला." टनांसाठी रजिस्टर आहे, ते मी भरतोच. इतक्या गुळगुळीत कागदावर टन लिहायला मन होईना. म्हणून इथे माझं लिहितो.

मी विश्राम बाबाजी पेडणेकर. वय अठ्ठेचाळीस, क्रेन ड्रायव्हर. एकोणीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढली, दोन वर्षांपासून या पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. आजवर माझ्या हुकाखाली कुणाचं बोटसुद्धा चेंगरलेलं नाही. स्वतःच स्वतःची आरती करतोय म्हणून कुणी हसू नये. वाचणारंच कुणी नाही, तर हसणार कोण म्हणा.

तलासरीहून उधव्याकडे जाताना नदी लागते. पावसाळ्यात पलीकडचे पाडे तुटतात. बाळंतीण अडली तरी तिला अलीकडे आणता येत नाही. तिथे हा पूल होतोय. खांब उभे राहिलेत. आता खांबांमधल्या तीन गाळ्यांवर तीन-तीन असे नऊ लोखंडी गर्डर चढवायचे, एकेक चार टनांचा. नदी आता डबक्यांपुरती उरलीय, म्हणून क्रेन पात्रात उतरवलीय. पाऊस यायच्या आत नऊही वर गेले पाहिजेत, नाहीतर क्रेनही नदीत आणि मीही.

क्रेनला इथले वारली लोक 'बगळा' म्हणतात. लांब मान, पाण्यात उभा. मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे.

रविवार, १९ जानेवारी

दोर-साखळ्या बांधणाऱ्या खलाश्यांचा मुकादम आला. चंदर तांडेल, डहाणूचा मांगेला, जातीचा मच्छीमार. तीस वर्षं होडीवर तांडेल होता. आता होडी मुलाच्या ताब्यात आहे आणि हा जमिनीवर आलाय. दोर, गाठी, कप्प्या यांत त्याचा हात धरणारा नाही. समोर उभं राहून मला खुणा करायचं कामही त्याचंच. मुठीतून अंगठा वर म्हणजे 'हाबेस', उचल. अंगठा खाली म्हणजे 'आरिया', सोड. उघडा पंजा म्हणजे बस्स, थांब.

त्याला मी माझे नियम सांगितले. वजन कळल्याशिवाय हुक लावायचा नाही. बगळ्याने मान जितकी लांब काढावी तितकी त्याची ताकद कमी, म्हणून जवळून उचलायचं. ओझं चार बोटं वर घेऊन आधी थांबायचं, दोर बघायचे, मग पुढे. लटकत्या ओझ्याखाली बापालाही उभं करायचं नाही. आणि खुणा एकच माणूस करील. दोघांनी केल्या तर मी कुणाच्याच मानणार नाही.

तो सगळं ऐकून म्हणाला, "पन थांब म्हनायचं झालं तर?"

"ते कुणीही म्हणावं. कुत्रा भुंकला तरी मी थांबेन."

"मंग ठीक हाय," म्हणाला आणि विडी पेटवली. जणू काही माझीच परीक्षा झाली.

संध्याकाळी तारेचे दोर तपासले. एका दोरात तीन तारा तुटलेल्या होत्या, केसाएवढ्या. घारपुरेसाहेबांना चष्मा असून दिसल्या नाहीत, मी नुसत्या डोळ्यांनी काढून दाखवल्या. साहेब म्हणाले, "या वयात काय नजर आहे तुमची!" चंदर दोर गुंडाळत राहिला. मांगेला माणूस कौतुकाला चिकट असावा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिला गर्डर चढला. खांबाच्या डोक्यावर तो जागेवर बसवून घ्यायला उधव्याचा सुक्या असतो. तिशीचा गडी, नाचणी-भाताची शेती आहे, शेत रिकामं म्हणून इथे आलाय. माकडासारखा चढतो.

चंदर पहिल्या आठवड्यात नदीच्या पलीकडच्या काठावरून खुणा करायचा. आता तो क्रेनपासून पंचवीस पावलांवर येऊन उभा राहतो, चुना फासलेल्या पिंपावर. उजव्या मुठीला लाल फडकं बांधलंय, डाव्या मुठीला पांढरं. लाल वर म्हणजे उचल, पांढरं खाली म्हणजे सोड, दोन्ही हात पसरले म्हणजे थांब. हातवारे एवढे मोठे की भूत उतरवतोय असं वाटावं.

मी म्हटलं, "तांडेल, नाटक कंपनीत होतात काय?"

"धूल लय उडते ना," म्हणाला.

धूळ खरोखरच आहे. या दिवसांत इथल्या हवेत एक धुरकटपणा असतो. गोदीत समुद्राचं वारं होतं, तिथे असं नव्हतं. किंवा शेवटची दोन-तीन वर्षं तिथेही होतं थोडं. मुंबईत गिरण्या वाढल्यात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवा ताप. रुळाचा हातभर तुकडा चिंचेच्या फांदीला टांगलाय आणि सुक्याची बायको ठकी हातात पहार घेऊन त्याच्याशेजारी उभी असते. उचलायचं असलं की दोन ठोके, सोडायचं असलं की तीन, थांबायचं असलं की एक. चंदर म्हणतो, धुक्यात होडीवर डबा वाजवतात, तशी सवय आहे. इथे कुठलं धुकं? पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवत नाही.

ठकी कुणालाही 'तू'च म्हणते. इथल्या वारल्यांची ती रीतच आहे. साहेबांना म्हणाली, "तू टोपी घाल, ऊन लागंल." साहेब आधी लाल झाले, मग टोपी घातली. मला म्हणते, "मिस्त्री, तू कान उघडे ठेव, मी वाजवीन तसा कर." जसं काही क्रेन हीच चालवते.

दुसरा गर्डर चढला. आवाजाचा त्रास झाला नाही. उलट हात आपोआप चालले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी घारपुरेसाहेब ऑफिसच्या झोपडीसमोर उभे दिसले. नमस्कार केला. उत्तर नाही. पुन्हा केला. तरी नाही. शिकल्यासवरल्या माणसाला एवढा माज? जवळ गेलो तर साहेबांचा कोट आणि टोपी खांबावर वाळत घातलेली.

ऊन फार वाढलंय. डोळ्यांवर येतं.

घरून पत्र आलं. बायको, आनंदी, लिहिते, मे महिन्यात चार दिवस येईन, समुद्रावर राहावंसं वाटतं. परळच्या चाळीत वीस वर्षं काढली बाईने, तिला समुद्राची हवा मिळायलाच हवी. पत्र बारीक अक्षरात होतं, कंदिलाशी न जाता वाचलं. इथला कारकून माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तो हात लांब करून वाचतो. मी सुईतसुद्धा पहिल्या फटक्यात दोरा ओवतो. आमच्या घराण्यात डोळे चांगले.

सोमवार, ९ मार्च

चौथा गर्डर. चंदरने आज विचारलं, "डायवर, त्या ताडावर लोट्या किती लावल्यात सांग बघू."

पलीकडच्या काठावर ताडांची रांग आहे, ताडी काढायला त्यांना लोट्या बांधतात. मी डोळे बारीक करून म्हटलं, "एक. मोठी आहे."

त्याने ताडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां." आणि पिंपावर पुन्हा चुना फासायला घेतला. कालच फासला होता.

बुधवार, २५ मार्च

पाचवा शनिवारीच चढला. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब येत्या शनिवारी येणार. सहावा त्यांच्यासमोर चढलेला असावा अशी घारपुरेसाहेबांची इच्छा. लगीनघाई चाललीय. खडी सारखी करा, पिंपं हलवा, चिंचेवरचा तो लोखंडाचा तुकडा काढा, "मोठ्या साहेबांना वाटेल शाळा भरलीय."

चंदर उद्या शिमग्याला डहाणूला जाणार. कोळीवाड्यात होळी म्हणजे त्याला थांबवणं शक्य नाही. जाण्याआधी तो साहेबांकडे जाऊन आला. काय बोलणं झालं कळलं नाही. मला म्हणाला, "मी येईपत्तर उचलू नको." मी म्हटलं, "हिरू आहे की." हिरू त्याच्याच हाताखालचा खलाशी, चांगला आहे. चंदर म्हणाला, "हिरू चांगला हाय. तरी उचलू नको." कारण सांगेना. आपल्यावाचून जगाचं अडतं असं वाटायचं वय आहे त्याचं.

शुक्रवार, २७ मार्च

आज लिहीत नाही.

शनिवार, २८ मार्च

मोठे साहेब आले, पाच गर्डर बघून गेले. सहावा खाली पडून आहे.

काल सकाळी सहावा उचलला. हिरू पलीकडच्या काठावर खडीच्या ढिगापुढे उभा होता. अंगात खाकी शर्ट, मागे खाकी खडी. आणि खुणा कशा, तर साहेबांना सलाम करावा तशा, छातीशी हात धरून. असल्या माणसाची खूण ब्रह्मदेवाला तरी कळेल का? सूर्यही समोर होता. गर्डर खांबाच्या डोक्यावर आला, सुक्या तो ओढून जागेवर घेत होता. हिरूने सोडायची खूण केली, मी सोडलं. तेवढ्यात ती ठकी खालून किंचाळली, "थांब!" मी ब्रेक मारला. गर्डर लटकत राहिला. एवढंच झालं. कुणाला काही लागलं नाही. बाई उगाच किंचाळली, लोक उगाच गोळा झाले.

रविवार, २९ मार्च

कालचं मी वाचून पाहिलं. खोटं लिहिलंय.

हिरूने सोडायची खूण केली नव्हती. त्याने पंजा उघडला होता. थांब. सुक्याचा पाय गर्डर आणि खांबाच्या मध्ये होता. हिरूला तो दिसत होता, खाली घमेलं घेऊन जाणाऱ्या ठकीला दिसत होता. मला दिसत नव्हता. आणि हिरूचा पंजाही दिसला नाही. मला ढीग दिसला. ढिगापुढे काहीतरी हललं. आता सोडायची वेळ झाली असणार, या हिशेबाने मी सोडलं.

मी अंदाजाने चार टन सोडले.

ठकीने घमेलं फेकून दिलं आणि ओरडली. ब्रेक लागल्यावर गर्डर आणि सुक्याचा पाय यांच्यात चार बोटांचं अंतर होतं, असं सुक्यानेच सांगितलं. तो खाली उतरला आणि हसायला लागला. हसू थांबेना, मग एकदम बसलाच. ठकी माझ्या केबिनखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. तिने वर पाहिलं. मग म्हणाली, "मिस्त्री, तुला दिसं नाय काय?"

मी म्हटलं, "ऊन होतं."

मंगळवार, ३१ मार्च

चंदर परत आला. त्याला वाटेतच कळलं होतं. माझ्याशी बोलला नाही, सरळ सुक्याकडे गेला, त्याचा पाय हातात घेऊन बघितला, मग माझ्याकडे आला.

"चल." मला नदीच्या मधोमध नेलं. "त्या ताडावर काय हाय?"

"तुम्हाला काय लोट्यांचा नाद लागलाय? एक लोटी आहे."

"जवळ चल."

चालत गेलो. पन्नासएक पावलं चाललो तेव्हा लोटीला पाय फुटले. आणखी जवळ गेलो तर ताडावर एक माणूस बसलेला, कमरेला कोयता. त्याने वरून विचारलं, "ताडी पायजे का?"

चंदर म्हणाला, "त्या दिवशी पन ह्योच व्हता."

मी तिथे खडकावर बसलो. चंदरने सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं होतं. तो पलीकडून 'बस्स' करायचा आणि मी दोन क्षण उशिरा थांबायचो, त्याचा हात बघून नाही, दोर ढिला झालेला बघून. म्हणून तो जवळ आला, म्हणून चुना, म्हणून फडकी, म्हणून चिंचेवरचा तुकडा. ठकीला माहीत होतं, सुक्याला माहीत होतं, हिरूला माहीत होतं. साहेब आणि मी सोडून नदीतल्या सगळ्या माणसांना माहीत होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू चिडला असतास. सायबाला कलवलं असतं तर तुला घरी धाडला असता. तुझा हात सोन्याचा हाय, असा हात मी पायला नाय." मग म्हणाला, "पन माझा चुकला. मी तुझी लाज राखत व्हतो आनि सुक्याचा पाय गहान टाकला. होडीवर असा कंदी केला नसता."

मी विचारलं, "डोळ्यांचा डॉक्टर कुठे मिळेल?"

गुरुवार, २ एप्रिल
डहाणू

सकाळच्या एसटीने चंदर मला डहाणूला घेऊन आला. डॉक्टर मुंबईहून गुरुवारी येतात, मेहताभाईंच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मेहताभाई म्हणाले, "वांचो, काका." मी म्हटलं, "आधी तक्ता लावा तर खरं." मेहताभाईंनी चंदरकडे पाहिलं. तक्ता लावलेलाच होता.

डॉक्टर म्हणाले, जवळचं उत्तम आहे, ते तसं राहतं म्हणूनच तुम्ही फसलात. लांबचं बरंच गेलंय. वर मोतीबिंदूची सुरुवात आहे. चष्म्यावर दोन वर्षं निघतील, कदाचित तीन. मग ऑपरेशन.

"आणि क्रेन?"

"दोन वर्षांनी मला पुन्हा विचारा," म्हणाले. "आणि दर सहा महिन्यांनी डोळे दाखवा. स्वतः ठरवू नका, दिसतंय की नाही ते. तुम्ही त्या कामात चांगले नाही."

भिंगं मुंबईहून येणार, आठ दिवस.

दुपारी चंदरच्या घरी जेवलो. अंगणभर बोंबील वाळत घातलेले. त्याची बायको देवकी वाढता वाढता म्हणाली, "ह्योच का तुमचा आंधला डायवर?" चंदरने तिला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, दटावू नका, ते मला दिसलं. तेव्हा ती एवढी हसली की माझ्या पानात तिने आमटी दोनदा वाढली.

शुक्रवार, ३ एप्रिल

घारपुरेसाहेबांना सगळं सांगितलं. चंदर म्हणत होता, चष्मा आल्यावर सांग. मी म्हटलं नाही, लपवालपवी पुरे झाली. रात्रभर मनाशी वाक्यं जुळवली होती, तिथे एकही आठवलं नाही. म्हटलं, "साहेब, मला लांबचं दिसत नाही. गेल्या शुक्रवारी हिरूची चूक नव्हती, माझी होती. चष्म्याला आठ दिवस लागतील. काढायचं असेल तर काढा."

साहेब सत्तावीस वर्षांचे. ते आधी खूप चिडले. एकोणीस वर्षांचा अनुभव असं सांगत होतात, म्हणाले. तो माणूस मेला असता, म्हणाले. सगळं खरं होतं. मग स्वतःचा चष्मा काढून पुसत बसले. चष्म्याशिवाय अगदी पोरसवदा दिसतात.

"चंदरने मला सांगितलं होतं, तो येईपर्यंत उचलू नका," ते म्हणाले. "कारण विचारलं, तर म्हणाला, सण आहे, शकुन बरा नाही. मला हसू आलं. आणि तो घंटेचा तुकडा मीच काढायला लावला." पुन्हा पुसला. "मी सातवीपासून लावतो चष्मा. दोन वर्षं वर्गात फळा दिसत नव्हता आणि मला वाटायचं मास्तरच पुसट लिहितात."

मुंबईला ते खरं तेच कळवणार. तोवर आणि त्यानंतरही त्यांचा हुकूम: लाल-पांढरी फडकी राहतील. चिंचेवरचा तुकडा परत लागेल. उचल सुरू होण्याआधी रोज सकाळी ते पलीकडच्या काठावरून बोटं दाखवतील, मी सांगायचं किती. एकदा चुकलो तर त्या दिवशी क्रेन बंद.

मी हिरूची माफी मागितली. तो म्हणाला, "माजा शर्ट पन वायट व्हता."

शुक्रवार, १० एप्रिल

चष्मा आला. जाड काळी फ्रेम, नाकावर ओझं.

दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. समोरच्या झाडाला पानं होती. होती म्हणजे, झाडाला पानं असतात हे मला ठाऊक होतं, पण ती वेगवेगळी असतात हे मी विसरून गेलो होतो. समुद्रावर गेलो. शिडाच्या होड्या मोजल्या. एकवीस. चंदर म्हणाला, बावीस, एक होडी दिसली नाय तुला, तिचा शीड उतरवलाय. भांडलो. पुन्हा मोजल्या. बावीस.

तळावर परतलो तर ठकीने मला नीट निरखून पाहिलं. म्हणाली, "बगल्याला डोला आला." आता हेच नाव चालणार असं दिसतंय.

एक गोष्ट लिहायला जड जातेय. चंदरचा डावा हात थरथरतो. मी त्याला जवळजवळ तीन महिने रोज बघत होतो. पंचवीस पावलांवरून आज दिसलं.

शनिवार, १८ एप्रिल

मुंबईहून उत्तर आलं. हे नऊ गर्डर मी पुरे करायचे, डॉक्टरचा कागद जोडून. त्यानंतर कंपनीच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं, मी स्वतः जड उचल करायची नाही. कागद दोनदा वाचला. अपमान आहे की मान, कळेना. चंदरला वाचून दाखवला. तो म्हणाला, "होडी सोडली तवा मला पन असाच वाटला व्हता. एक महिना जेवन गेला नाय."

"मग?"

"मंग तू भेटलास. तुझ्यापायी डोक्याला येवढा ताप, की इसरलो."

सहावा गर्डर आज चढला. सुक्या पुन्हा त्याच खांबावर होता. मी त्याला म्हटलं होतं, दुसऱ्याला चढव. तो म्हणाला, "का? आता तर तुला दिसतंय." वर गेल्यावर त्याने पाय हलवून दाखवला, इथे आहे म्हणून. साऱ्या नदीत हशा. चार बोटं उचललं, थांबलो, दोर बघितले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो. कुणी घाई केली नाही.

बुधवार, ६ मे

नववा गर्डर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बसला.

नारळ फोडला. सगळ्यांनी बघून घेतलं, पण पहिलं पाऊल कुणी टाकेना. साहेब म्हणाले, अजून स्लॅब नाही, चालायचं नाही, धोका आहे. ठकी म्हणाली, "तू खालीच ऱ्हा," आणि गर्डरवर अंथरलेल्या फळ्यांवरून पलीकडे चालत गेली, डोक्यावर घमेलं तसंच. साहेब शिट्टी वाजवत राहिले. मी मनातून साहेबांच्या बाजूने होतो, हे नोंदवून ठेवतो. नियम म्हणजे नियम. पण तिकडच्या काठावर पोचल्यावर तिने वळून जे तोंड केलं, ते मला इकडून नाक-डोळ्यांसकट दिसलं.

रविवार, १० मे
डहाणू

क्रेन काल नदीबाहेर आली. मला आठवडाभर रजा. चंदरने आग्रह करून आम्हा दोघांची सोय त्याच्याच घरी केलीय.

आनंदी आज अकराच्या गाडीने यायची होती. मी स्टेशनात तासभर आधीच जाऊन बसलो. चष्म्याबद्दल तिला काही कळवलं नव्हतं. गाडी आली, गर्दी उतरली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटून दुसऱ्या डब्यातून ती उतरली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. एका हाताने पदर सावरून ती इकडेतिकडे बघत होती, जरा घाबरलेली. एवढ्या लांबून मी तिला कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. आधी वाटलं, आणखी थोडं बघावं. मग हात वर केला आणि जोरात हलवला.

तिने पाहिलं. थांबली. आणि मागे वळून बघितलं, आपल्या मागे कोण आहे म्हणून.

मागे कुणी नव्हतं. मी पुन्हा हात केला. तेव्हा ती चालत आली, सावकाश, माझ्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तशी बघत.

"तुम्ही मला हात केलात?"

"मग काय स्टेशनमास्तरला?"

तिने चष्म्याकडे पाहिलं. हात लावून पाहिला. तिला सगळं सांगितलं, तिथेच बाकावर बसून. नदी, हिरू, सुक्याचा पाय, ताडावरचा माणूस. सांगून झाल्यावर ती पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

मग म्हणाली, "तुम्ही गोदीत जायला निघालात की मी रोज गॅलरीत उभी राहायचे. कोपऱ्यावर तुम्ही वळून वर बघायचात. मी हात करायचे. तुम्ही तसेच निघून जायचात."

"कधीपासून?"

"पहिली काही वर्षं तुम्ही करायचात हात. मग बंद केलात." पुढे म्हणाली, "मी म्हटलं, संसार जुना झाला की पुरुषांचं असंच होत असेल. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली तिचे तर वळूनही बघत नाहीत. मग मी समाधान मानून घेतलं."

मी रोज वळून बघायचो ते खरं. गॅलऱ्या दिसायच्या, ओळीने, धुरकट. आमची तिसरी, एवढं ठाऊक होतं. म्हणून तिसरीकडे बघायचो.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमची चौथी."

आणि आम्ही दोघं इतके हसलो की हमाल थांबून बघायला लागला.